आपोआप लागणारा व्हिडिओ आणि त्याचा कर्ता

रेडिओ, गाणे, दिवा या गोष्टी मराठी भाषक ‘लावतो’. त्या लागलेल्या असतात त्या कोणी तरी लावल्यामुळेच. ‘लागणे’ या अकर्मक क्रियापदाचे ‘लावणे’ हे प्रयोजक रूप होय, आणि ही दोन्ही क्रियापदे एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहतात, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सांगावयास नको. स्मार्टफोनवर मात्र या जोडीतील दुसरे रूप वापरण्याचा प्रसंगच कमी होत चालला आहे. बातमीचे पान उघडावे, बोटाने ते वर सरकवावे, तो व्हिडिओ लागलेला असतो. असे का होते आणि ते बंद कसे करावयाचे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय प्रस्तुत लेखकापुढे आला तो वर्गातच. एम. ए.च्या वर्गातील एक दृष्टिहीन विद्यार्थिनी वृत्तपत्रीय मराठीतील संयुक्त क्रियापदांची उदाहरणे गोळा करीत होती. तिचे वाचन फोनमधील टॉकबॅक या पडदावाचकाच्या साहाय्याने, म्हणजे कानांनी, चालते. एका वृत्तसंस्थळावर बातमी उघडली, की पानाच्या मध्यावर कोठे तरी एक व्हिडिओ मोठ्याने बोलू लागे. पडदावाचकही मराठीत बोलणार, व्हिडिओही मराठीत बोलणार. एकाच कानात दोन वक्ते. तो थांबविण्याचे बटण पानावर होते, नव्हते असे नाही. “पण सर, ते बटण शोधायला मला आधी तो आवाज थांबायला हवा,” असे ती म्हणाली. पडदावाचक बोलत असताना इतर आवाज मंद करण्याची सोय टॉकबॅकमध्ये आहे, परंतु मंद आवाजातील मराठी हीही मराठीच असते आणि लक्ष वेधून घेतेच. डोळस वाचकाला जो केवळ उपद्रव वाटतो, तो तिच्या बाबतीत वाचनातील अडथळा ठरत होता. संस्थळे सर्वांस वापरता यावीत म्हणून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (त्यांची दुसरी आवृत्ती) ही अडचण नेमकी नोंदविलेली आहे. तीन सेकंदांहून अधिक काळ आपोआप वाजणारा ध्वनी थांबविण्याची किंवा त्याची पातळी स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय असली पाहिजे, अशी तेथे अट आहे. सोय असणे आणि ती सापडणे यांतील अंतर मात्र वरील उदाहरणात दिसतेच.

स्वयंचलनाचा प्रसार झाला तो फार पूर्वी नव्हे. फेसबुकने 2013 साली आपल्या प्रवाहात व्हिडिओ आपोआप सुरू करण्यास आरंभ केला. ट्विटरने 2015 साली तोच मार्ग धरला. आणि त्याच वर्षी यूट्यूबने एक व्हिडिओ संपताच दुसरा आपण होऊन लावण्यास सुरुवात केली. हलणारे चित्र स्थिर चित्रापेक्षा अधिक काळ डोळा धरून ठेवते आणि जाहिरातीचा हिशेब पाहिलेल्या क्षणांवर होतो. कारण एवढेच आहे. याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो हे 26 ऑगस्ट 2015 रोजी दिसले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात थेट प्रक्षेपण चालू असताना दोन पत्रकारांची हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतः टिपलेले दृश्य समाजमाध्यमांवर टाकले. ते पाहावयाचे नाही असे ज्यांनी ठरविले असते, त्यांच्याही पडद्यावर ते चालू झाले. त्यांनी काहीही लावले नव्हते.

येथे व्याकरणाचा थोडा आधार घेणे अप्रस्तुत होणार नाही. ‘भात शिजतो’ या वाक्यात भात स्वतः शिजत नाही, हे बोलणाऱ्यासही ठाऊक असते. संस्कृत वैयाकरणांनी अशा रचनांचा कर्मकर्तरी म्हणून स्वतंत्र विचार केला आहे. शिजविणाऱ्याचा व्यापार सांगण्याची इच्छा नसली, की कर्मच कर्त्याच्या जागी येऊन बसते. पाणिनीने कर्त्याची ओळख त्याच्या स्वातंत्र्यावरून दिली आहे आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास ‘हेतु’ ही आणखी एक संज्ञा दिली आहे. ‘व्हिडिओ आपोआप लागतो’ हे वाक्य याच जातीचे आहे. ‘आपोआप’ या अव्ययाने कर्ता नाहीसा होत नाही. तो केवळ उच्चारला जात नाही. फोन हातात येण्यापूर्वीच एका कार्यालयात कोणी तरी ‘चालू’ हा पर्याय मूळचा म्हणून ठरवून ठेवलेला असतो. व्हिडिओ लावणारा तो. आपण उरतो ते ‘मला ठेच लागली’ या वाक्यातील ‘मला’पुरते. (‘स्वयंचलित’ हा आपला पारिभाषिक शब्दही या दृष्टीने थोडा भोळाच म्हटला पाहिजे, ‘परचालित’ म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून झाले असते, पण तो शब्द रूढ होण्याची आशा नाही.)

न्याहाळकांनी, म्हणजे ब्राउझरांनी, या बाबतीत काही बंधने घातली. सफारीने 2017 साली, क्रोमने 2018 साली आणि फायरफॉक्सने 2019 साली आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना आळा घातला. मूक व्हिडिओस सर्वसाधारणपणे मुभा राहिली. क्रोमच्या नियमात आणखी एक मेख आहे. वाचकाने त्या संस्थळावर एकदा बोट टेकविले, की आवाजासही परवानगी मिळू शकते. आमच्या विद्यार्थिनीने मथळ्यावर बोट टेकविले होते ते बातमी वाचण्यासाठी. नियमाच्या लेखी ती संमती ठरली. क्रियेचा अर्थ कर्त्याच्या विवक्षेवरून न ठरविता केवळ तिच्या बाह्य रूपावरून ठरविला, म्हणजे असे होते.

आता उपाय. सर्व ॲपांस एकत्र लागू होईल अशी एकच कळ फोनमध्ये नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ व त्याखाली ‘मोशन’ येथे ‘ऑटो-प्ले व्हिडिओ प्रीव्ह्यूज’ हा पर्याय आहे खरा, परंतु तो इतर कंपन्यांच्या ॲपांना आवर घालील या भरवशावर राहू नये. म्हणून प्रत्येक ॲपचे दार निराळे ठोठवावे लागते. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘मीडिया’ या भागात ‘ऑटोप्ले’ सापडते. तेथे ‘नेव्हर ऑटोप्ले व्हिडिओज’ निवडावे. पूर्वीच्या ट्विटरचे, म्हणजे आताच्या एक्सचे, दार ‘डेटा यूसेज’ या नावाखाली आहे. यूट्यूबमध्ये मात्र दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. व्हिडिओच्या चौकटीवर वरच्या बाजूस दिसणारी ‘ऑटोप्ले’ची कळ बंद केली, तर फक्त पुढचा व्हिडिओ लागणे थांबते, यादी चाळताना जे मूकपणे हलू लागतात, त्यांच्यासाठी सेटिंग्जमधील ‘प्लेबॅक इन फीड्स’ हा पर्याय वेगळा बंद करावा लागतो. ‘वायफाय ओन्ली’ ही मधली पायरी दररोज दीड जीबीच्या बेतात राहणाऱ्या विद्यार्थ्यास उपयोगी आहे. लक्ष विचलित होणे तिने टळत नाही. नेटफ्लिक्सने झलकी बंद करण्याचा पर्याय 2020 साली दिला. इन्स्टाग्रामवर स्वयंचलन पूर्णतः थांबविणारी कळ नाही. तेथील डेटा वाचविण्याचा पर्याय व्हिडिओ आगाऊ उतरवून घेणे तेवढे कमी करतो.

पर्यायांची ही नावे आणि जागा ॲपच्या नव्या आवृत्तीबरोबर बदलतात. नेमकी जागा न सापडल्यास सेटिंग्जच्या शोधचौकटीत, ती असल्यास, ‘ऑटोप्ले’ हा शब्द घालून पाहावा. शिवाय ही निवड पुष्कळदा त्या यंत्रापुरतीच असते. नवा फोन घेतल्यावर ती पुन्हा तपासावी.

आमच्या विद्यार्थिनीची अडचण ॲपमधील नसून संस्थळावरील होती. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये संस्थळांच्या परवानग्यांखाली ध्वनी व चित्र या दोहोंचे स्वयंचलन अडविता येते. तिला क्रोमचीच सवय असल्यामुळे तेथील ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘साउंड’ या पर्यायात आवाज बंद करून दिला. व्हिडिओ अजूनही लागतो, पण बोलत नाही. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ऐकावयाचे असले, की त्या संस्थळापुरता आवाज ती स्वतः चालू करते. संयुक्त क्रियापदांच्या तिच्या संग्रहात ‘लागणे’ची नोंद सर्वांत लांब झाली आहे.