खुंटी पिळणारे आणि खुंटी घडवणारे

गाणारा स्वराची काळजी करतो आणि ऐकणारा गाणाऱ्याची. तार धरून ठेवणाऱ्या खुंटीची काळजी मात्र कोणीच करीत नाही. हवी तेव्हा फिरली नाही तर ती चार शिव्या खाते, आणि नको तेव्हा फिरली तर आठ! आपल्या भाषेनेही तिच्यावर अन्यायच केला आहे. एखादी गोष्ट सोडून द्यायची झाली की ती आपण ‘खुंटीला टांगतो’. ‘खुंटा हलवून बळकट करणे’ यातला खुंटा गोठ्यातला खरा; पण तोच न्याय वाद्याच्या खुंटीलाही लागू आहे, हे मला हिंगोलीकडच्या एका सुताराने दाखवून दिले.

हिंगोली हा कागदोपत्री नवा जिल्हा. परभणीतून तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. पण भजनाशी त्याचे नाते फार जुने आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी आहे. तेव्हा या मुलखातल्या लहानशा गावीही अखंड हरिनाम सप्ताह मोठ्या निष्ठेने होतो, यात नवल नाही. या सप्ताहाचा एक नियम शहरी वाचकांतल्या काहींना ठाऊक नसेल : सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा त्याच्या गळ्यात देतो. सप्ताह एकदा सुरू झाला की दुरुस्तीला सवडच नाही.

माझ्या आजोळी गेल्या चैत्रात रामनवमीच्या सप्ताहाला दोनच दिवस उरले असताना नेमकी एक खुंटी रुसली. पंचमाची तार लावावी, हरिपाठाच्या दोन ओळी होतात न होतात तोच ती खाली उतरावी. खडूची भुकटी झाली, कागदाची घडी झाली. मग एका उत्साही जवानाने ती लाकडी हातोडीने ठोकून बसविली! खुंटी बसली, पण भोकाच्या कडेला केसाएवढी चीर दिसू लागली. भजनी मंडळी नांदेडला जाऊन तयार खुंटी घेऊन आली. ती चांगली होती, पण या भोकात शिरताच डगडगू लागली. कैक वर्षे फिरून फिरून झिजलेल्या भोकाला दुकानातली खुंटी कशी बसावी?

ही वीणा मिरजेची, गावातल्या कोणाच्या तरी पणजोबांनी आणलेली. सतार-तंबोऱ्यांचे मिरज घडविले ते शिकलगारांनी. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचा जमाना ओसरला आणि फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्ये बनवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, सुकवायचे आणि त्यांना गळा जोडायचा. शस्त्रावर बसलेला हात स्वरावर बसला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेलाच स्थायिक झाले, त्यामुळे नाव आणखी दूरवर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मिरज हिंगोलीहून पडते लांब, आणि सप्ताह परवावर आला होता.

शेवटी गावातल्या मिस्त्रींना बोलावले. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्य औते, चौकटी आणि लग्नाचे पाट करण्यात गेलेले. खुंटी त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी वीणा मांडीवर घेतली, चिरेवरून नख फिरविले आणि म्हणाले, “दादा, जोर लावून बसवली तर गळा फाटंल. हिला जोर नको, माप पायजे.”

सारे मर्म या एका वाक्यात होते. गिटारच्या चावीला दाते असतात, ती आपसूक अडकून राहते. आपल्या खुंटीला दाते नाहीत आणि मळसूत्रही नाही. ती टोकाकडे किंचित निमुळती असते आणि भोकही तसेच निमुळते. पिळताना ती आत दाबायची. मग लाकडाला लाकूड घट्ट भिडते आणि त्या घर्षणावर तार तोलून राहते. दोघांचा निमुळतेपणा एकसारखा नसेल तर खुंटी एकाच कडेला टेकते, आणि मग कितीही दाबा, ती सुटणारच.

वर पुन्हा हवामान आहेच. लाकूड सुकताना लांबीला जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. तेही सगळीकडून सारखे नाही. वाढवलयांच्या कडेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने. त्यामुळे ओल्या लाकडाची गोल खुंटी सुकली की अंडाकृती होते! चैत्राच्या कोरड्या उन्हात ती सैल होते, आषाढात फुगून बसते. खुंटी जुन्या, मुरलेल्या लाकडाची हवी ती यासाठी.

मिस्त्रींनी सागवान बाजूला सारले. ते तेलकट, घसरेल. माळ्यावर मोडक्या पलंगाचा शिसवी पाय पडला होता, तो काढला. हे शिसव आता जपून वापरायची वस्तू झाली आहे. २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या साऱ्या गोतावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि परदेशी वाद्ये धाडणाऱ्यांची कागदपत्रांची यातायात सुरू झाली. तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना त्यातून सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून. पलंगाच्या पायाला अर्थात कसलाच परवाना लागला नाही.

तुकडा त्यांनी करवतीने कापला नाही. पटाशी ठेवून फोडला. “रेघ सरळ निघाली पायजे. करवत रेघ बघत नाय.” मग चाकू, मग कानस. आधी एक निमुळती काठी करून तिच्यावर काचकागद चिकटवला आणि हलक्या हाताने फिरवून ते झिजलेले भोक गोल केले. मग खुंटीला कोळसा फासायचा, भोकात घालून एक फेरा द्यायचा, बाहेर काढून बघायची. जिथे चकाकी दिसेल तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा कोळसा, पुन्हा फेरा. मी मोजत होतो. सतराव्या खेपेला ती टोकापासून गळ्यापर्यंत एकसारखी चकाकली. मधल्या वेळात चहा दोनदा निवला. डोक्याला त्यांनी कळीचा आकार दिला, पण दोन्ही बाजूंनी चपटा. म्हातारे वीणेकरी पहाटे तीनला पिळणार, त्यांच्या बोटांना पकड नको का? तारेचे भोक सर्वांत शेवटी पाडले. रोगण फक्त डोक्याला, दांड्याला थेंबही नाही.

चीर सरसाने बुजवून, दोरी आवळून वीणा रात्रभर ठेवली. सकाळी तार चढविली. मिस्त्रींनी खुंटी जराशी हलविली, दाबली, पुन्हा हलविली, आणि तार जिथल्या तिथे राहिली.

सप्ताहाच्या चौथ्या रात्री वळीव कोसळला. हवा ओली झाली आणि खुंटी जड फिरू लागली. मिस्त्री धावत आले. वीणा वीणेकऱ्याच्या गळ्यातच होती. उभ्या उभ्या तेवढी तार सैल केली, खुंटी काढली, कोरडा साबण अगदी नावापुरता फिरविला आणि पुन्हा बसविली. टाळ थांबले नाहीत. काल्याच्या दिवशी मंडळींनी त्यांना टोपी-उपरणे दिले. मजुरी त्यांनी घेतली नाही; उरलेल्या तीन खुंट्यांची मापे तेवढी सुतळीने घेतली आणि शिसवाचा राहिलेला तुकडा पुन्हा माळ्यावर ठेवायला सांगितला.