रात्रीचं ओलीत आणि डोक्यातलं घड्याळ



उसाला पाणी किती, खत किती, बेणं कोणतं, याबद्दल या पानांतून आम्ही नेहमीच लिहितो. ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या झोपेबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. या खेपेस तोच विषय घेतला आहे.

आपल्या अमरावती-अकोल्याकडं शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली. रात्री आली की बॅटरी घेऊन वावरात जायचं आणि सरीमागून सरी भिजवत पहाट करायची. रानडुकरं आणि रोह्यांसाठी जागल वेगळीच. गाळपाच्या हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चालतो, तोडणीच्या टोळीलाही गाडी भरायला अवेळी उठावं लागतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर आपण समजून घेतो. पण चिडचिड होते, घरात शब्दाला शब्द लागतो, सांगितलेलं विसरायला होतं, कशातच मन लागत नाही, याचा संबंध आपण जागरणाशी जोडत नाही. तो जोडला पाहिजे.

लाजाळूची पानं दिवसा उघडतात, रात्री मिटतात. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं अशा एका झाडाला अंधारात ठेवल्याची नोंद केली. ऊन दिसत नसतानाही पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती! माणसाचंही तसंच. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. पेशीच्या आत असं घड्याळ कसं चालतं हे हॉल, रॉसबाश आणि यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी फळमाशीवर काम करून उलगडलं. त्याबद्दल त्यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

हे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. सकाळचा उजेड त्याला रोज चावी देतो. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. डोळ्यांवर उजेड पडला की तो घटतो. पहाटे चारच्या सुमारास अंग सर्वांत थंड असतं, मेंदूही मंद असतो. त्या वेळी स्टार्टरला हात लावताना किंवा ट्रॅक्टर चालवताना चूक होते ती म्हणूनच.

‘रात्री जागलो, दिवसा झोपलो, हिशेब बरोबर’ असं आपण म्हणतो. हिशेब तसा बसत नाही. दिवसा आतलं घड्याळ ‘जागा हो’ म्हणत असतं, त्यामुळं झोप तुटक लागते. रात्रपाळी करणाऱ्यांत उदासीनतेचा आजार जास्त आढळतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. झोप बिघडली की मन बिघडतं, आणि मन बिघडलं की झोप उडते.

आपल्या भागाला हे दुखणं परकं नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळं केंद्रानं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत अमरावती आणि अकोला होते. कर्ज, नापिकी, पडलेला भाव ही कारणं मोठी आहेत, सगळं खापर झोपेवर फोडता येणार नाही. पण निदान हा एक भार तरी हलका करणं आपल्या हातात आहे.

तेव्हा एवढं करून पाहा. ओलिताच्या रात्री भाऊ-भाऊ, सालदार मिळून वाटून घ्या. एकाच माणसावर दोन-तीनपेक्षा जास्त रात्री सलग नकोत. जाण्यापूर्वी अर्धा तास पडून घ्या. परतताना डोक्यावर शेला घ्या, ऊन डोळ्यांवर येऊ देऊ नका. खोलीत अंधार करून झोपा, घरच्यांनीही त्या वेळी हाक मारू नये. झोपेसाठी दारू घेऊ नका. तिनं डोळा लागतो, पण झोप मोडते. ज्या दिवशी जागरण नाही त्या दिवशी ठरल्या वेळी उठून सकाळच्या उजेडात या. मोझरीच्या गुरुकुंजातलं पहाटेचं सामुदायिक ध्यान आपल्याला ठाऊक आहेच. पहाटे उठण्याची ती शिस्त घड्याळालाही मानवणारी आहे.

दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. आपल्या फिडरवर ती पोचली नसेल तर ग्रामसभेत ठराव करा. दिवसाची वीज ही केवळ सोयीची मागणी नव्हे, ती आरोग्याची मागणी आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. जागरण नसतानाही रोज पहाटे तीनलाच जाग येते, सकाळ जड वाटते, जेवण गोड लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं दोन आठवडे चाललं तर तो आळस नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोला. शेजारच्या वावरातला कुणी असा गप्प झाला असेल, तर त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसा, त्याला विचारा. पाणी एक दिवस उशिरा दिलं तरी ऊस तग धरतो. माणसाला विचारायला उशीर नको.