फुलांच्या वाटेवरचं फुरसं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून निघून बार्शी रस्त्याला लागलं, की सुमारे २० किलोमीटरवर नान्नजचा माळ येतो. एप्रिलमध्ये इथं मुरूम आणि वाळकं कुसळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच मुरमातून विष्णुक्रांताची निळी, सराट्याची पिवळी, तुंब्याची पांढरी फुलं वर येतात, कुरडूचे गुलाबी तुरे डोलतात आणि बांधाबांधानं तरवड पिवळाधमक होतो. यातली बरीच फुलं नखाएवढी. विष्णुक्रांता तर सकाळीच उमलते आणि दुपारपर्यंत मिटू लागते. ही फुलं पाहायची तर लवकर निघावं, सावकाश चालावं आणि शक्यतो एकट्यानं जावं; गप्पांच्या नादात ती नजरेतून निसटतात. पण एकट्यानं जाणाऱ्याला त्या माळाचा आणखी एक रहिवासी नीट माहीत हवा: फुरसं.

फुलं आणि साप एकाच वेळी दिसतात, याचं कारण पाऊस. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात एकवर्षायू रोपांना रुजणं, फुलणं आणि बी धरणं काही आठवड्यांत उरकावं लागतं. उरलेलं वर्ष ती मातीत बी होऊन काढतात. अमेरिकेतल्या वाळवंटी फुलांवर फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात प्रयोग केले. अंकुरण रोखणारी द्रव्यं धुऊन जाण्याइतका पाऊस वरून पडल्याशिवाय तिथली अनेक बियाणी रुजत नाहीत, असं त्याला आढळलं. माळ हिरवा झाला की कीटक, बेडूक, सरडे आणि उंदीर वाढतात. त्यांच्यामागे साप येतात. कॅलिफोर्नियात वसंतातली फुलं पाहायला जाणाऱ्यांनाही रॅटलस्नेक भेटतो. आपल्याकडे तो हंगाम पावसाळ्याचा.

रॅटलस्नेक आणि फुरसं लांबचे नातेवाईक आहेत. इशारा देण्याची रीत मात्र दोघांत वेगवेगळी उत्क्रांत झाली. रॅटलस्नेकच्या शेपटीला केराटिनची खुळखुळणारी कडी असतात. प्रत्येक कातीगणिक त्यात एकाची भर पडते. फुरशाच्या अंगावरच्या तिरप्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. डिवचलं गेलं की ते वेटोळी एकमेकांवर घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. फुत्कार टाकताना श्वासाबरोबर जाणारा ओलावा यात वाचतो, असं मानलं जातं.

हा आवाज दरवेळी ऐकू येईलच, असं मात्र नाही. पाय आपटत चाललं की साप पळतात, हा सल्ला धामणीला लागू पडेल. फुरसं आणि घोणस यांची पहिली भिस्त रंगावर असते. मातकट रंगाचं, बहुधा दोन फुटांहून आखूड फुरसं दगडाच्या कडेला निश्चल पडून राहतं. ओल वाढली की ते झुडपावरही चढतं. वाटेनं चालणाऱ्याचे फक्त पाय जमिनीजवळ असतात. फुलं पाहणारा मात्र गुडघे टेकतो, हात टेकवतो, फोटोसाठी चेहरा खाली नेतो. म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट एवढंच पुरेसं नाही. बसण्याआधी काठीनं गवत हलवून पाहावं, दगडाखाली बोटं घालू नयेत आणि अंधार पडण्याआधी परतावं. या माळावरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनंच जावं. कुठं जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघावं.

फुरशाच्या विषातलं इकॅरिन हे विकर रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम चालू करतं. गोठण्यासाठी लागणारे घटक त्यात संपून जातात आणि मग रक्त गोठतच नाही. त्यामुळे दंश झाल्यावर काही वेळ माणूस ठीक वाटला, तरी आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. दवाखान्यात थोडं रक्त स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं स्थिर ठेवतात. ते पातळच राहिलं, तर निदान पक्कं होतं. याच सापाच्या विषातल्या दुसऱ्या एका प्रथिनावरून हृदयरुग्णांसाठीचं टायरोफिबान हे औषध घडवलं गेलं.

दंश झालाच, तर सापापासून दूर व्हावं, १०८ला आणि घरी फोन करावा, अंगठी-घड्याळ काढावं, तो अवयव हलू देऊ नये. बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नये. रेंज नसेल तर न धावता, सावकाश रस्ता गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष हाच उपाय आहे. सोलापुरात त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटल आहे.

हौशी भटक्याला इतकी तयारी करता येते. त्याच माळावर मेंढपाळ रोज एकटा चालतो, खुरपणारी बाई रोज हात जमिनीत घालते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात. बहुतेक मृत्यू खेड्यांत होतात आणि निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. फुलांसाठी माळावर जाणाऱ्यानं परतीच्या वाटेवर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबावं आणि विचारावं: प्रतिविष शिल्लक आहे का, ते देणारा डॉक्टर रात्रीही असतो का? उत्तर नाही असेल, तर पाठपुरावा करावा. गावकरी हे विचारतच असतात. शहरातून आलेल्यांनीही विचारलं, तर त्या मागणीचं वजन वाढेल.