पिंजऱ्यातली दोन, अंगणातली अनेक

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांच्या एका व्यापारी स्नेह्यांनी मिठाईच्या डब्याऐवजी पिंजरा पाठविला. आत दोन पाखरे होती, एक पोपटी रंगाचे आणि एक निळे. सोबत राळ्याची पिशवी, अंडी घालण्यासाठी एक लहान मडके आणि चोच घासण्यासाठी पांढरा, सच्छिद्र असा एक तुकडा. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. अर्ध्या तासात तिने त्यांची नावे ठेवली, हिरू आणि नीलम, आणि पिंजरा परत पाठविण्याचा विषय तिथेच संपला.

घरात येणारा प्रत्येक जण त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणे. बाजारातही हाच शब्द चालतो. पण तो चुकीचा आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आमच्याकडे आलेली पाखरे म्हणजे बजरीगर, ऑस्ट्रेलियातील कोरड्या माळरानांवर मोठमोठ्या थव्यांनी फिरणारे लहान पोपट. जॉन गोल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने 1840 मध्ये ते जिवंत इंग्लंडात नेले आणि पुढे पिंजऱ्यातील त्यांची पैदास जगभर पसरली. रानातला बजरीगर हिरवाच असतो. निळा, पांढरा हे पिंजऱ्यातील पैदाशीतून निघालेले रंग. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल भाग निळा असेल तर नर आणि तपकिरी असेल तर मादी, ही खूण पशुवैद्यांनी दाखविली. त्या हिशेबाने नीलम नर निघाला आणि हिरू मादी.

मला मात्र पहिल्या दिवसापासून चैन नव्हते. त्याचे कारण फार जुने आहे.

बार्शीत आमच्या वडिलांची भुसार मालाची पेढी होती. पेढीच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यात एक पोपट असे. माझ्या जन्माआधीपासून तो तिथे होता. गिऱ्हाइकाने पायरी चढली की “या शेठ, बसा” असे तो म्हणे, आणि शेतकरी त्याला हरभऱ्याचा घाटा आणून देत. 1968 च्या पर्युषणात वडील एके दिवशी प्रवचनाहून परतले ते थेट पिंजऱ्यापाशी गेले आणि त्यांनी दार उघडले. आम्ही सर्व पाहत उभे होतो. पोपट काही केल्या बाहेर येईना. तेव्हा त्याला हाताने उचलून ओसरीच्या कठड्यावर ठेवले. तो समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत कसाबसा पोहोचला. दहा-बारा वर्षे ज्या पंखांना पसरायलाही जागा नव्हती, त्यांत बळ कुठून येणार? कावळ्यांनी त्याला घेरले. संध्याकाळी तो गटारीच्या कडेला सापडला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. मी नऊ वर्षांचा होतो, आणि त्याला उचलून कठड्यावर ठेवणारे हात माझे होते.

हिरू-नीलम घरी आल्यानंतरच्या चातुर्मासात आमच्या थोरल्या भगिनी मुक्कामाला आल्या. त्यांनी पिंजरा पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला. “अरे, इतकी वर्षे स्वाध्यायाला बसतोस आणि घरात हे? बंध म्हणजे काय, ते तुला मी सांगायचे का? उद्या सकाळी दार उघड.”

आक्कांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच बंध आहे. पण त्याच यादीत शेवटचा अतिचार अन्नपाननिरोध आहे, हे मी त्यांना हळूच सुचविले. पिंजऱ्यातच जन्मलेल्या या पाखरांना दाणा शोधणे ठाऊक नाही, मांजर ठाऊक नाही, शिक्रा ठाऊक नाही. निळ्या रंगाचे पाखरू तर लांबूनच उठून दिसणार. दार उघडले तर बंध सुटेल. परंतु दोन-तीन दिवसांत उपासमार किंवा कावळा, यांपैकी एक निश्चित. मग मी त्यांना पेढीवरच्या पोपटाची आठवण दिली. आक्का त्या दिवशी सासरी होत्या; त्यांना पोपट “उडून गेला” एवढेच कळविले गेले होते. त्या बराच वेळ गप्प बसल्या. नंतर म्हणाल्या, “मग किती दिवस?”

“ती जगतील तितके. पण यांच्यामागे तिसरे येणार नाही.”

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. एखादे खाते चुकीने उघडले गेले असेल तर ते फाडून फेकता येत नाही. रीतसर चालवून रीतसर बंद करावे लागते आणि दरम्यान नवी उचल द्यायची नसते. तोच नियम इथे लावला. पहिल्यांदा मडके काढून घेतले. घरट्याची जागा नसेल तर बजरीगर सहसा अंडी घालीत नाहीत, असा पशुवैद्यांचा सल्ला होता. दुसरे म्हणजे मागच्या गॅलरीला बारीक जाळी मारून नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मोकळी जागा केली, जांभळाच्या दोन आडव्या फांद्या बसविल्या आणि पिंजरा कायमचा उघडा ठेवला. चिरंजीवांनी बिल पाहून कपाळाला हात लावला. गंमत अशी, की पहिले पाच-सहा दिवस दोघेही पिंजऱ्यातच बसून राहिले. सहाव्या की सातव्या दिवशी पहाटे फडफड ऐकून मी गेलो, तर नीलम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा येरझारा घालीत होता.

घरात पाखरे असलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. न चिकटणारा तवा फार तापला की त्यातून निघणारा वायू पाखरांना काही मिनिटांत मारू शकतो. आमचे स्वयंपाकघर गॅलरीला लागून असल्याने सौभाग्यवतींनी ते तवे मोडीत काढून पुन्हा बिडाचा तवा आणला. आणि चोच घासण्याचा तो पांढरा तुकडा, ज्याला बाजारात समुद्रफेस म्हणतात, तो फेस नसून माकूळ जातीच्या समुद्री जीवाच्या शरीरातील कवच असते. काष्ठौषधीच्या दुकानांतूनही ते विकले जाते आणि आपल्यापैकी अनेकांनी ते अजाणता हाताळले असेल. आम्ही त्याऐवजी खनिज क्षारांची वडी टांगली.

राळ्याची टरफले फुंकरून टाकीत बजरीगर दाणा खातात, आणि त्यात निम्मे दाणे जाळीतून खाली सांडतात. या सांडलेल्या दाण्यांनी आमचे उरलेले आयुष्य थोडे बदलले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रथम चिमण्या आल्या. मग होले आले. जोडीनेच येतात आणि गॅलरीखालच्या फरशीवर संथपणे टिपत राहतात. साळुंक्या आल्या त्या दाण्यांपेक्षा भांडणासाठीच. जास्वंदीवर शिंजीर पूर्वीपासून येत असणार. पण साठ वर्षांच्या आयुष्यात मी तो कधी पाहिलाच नव्हता. ऊन पडले की काळ्या दिसणाऱ्या नराच्या अंगावर जांभळी झळाळी येते. उन्हाळ्यात दुपारभर ‘टुक, टुक, टुक’ असा जो आवाज ऐकू येतो, तो मी आजवर मागच्या गल्लीतील कारागिराचा समजत होतो. तो तांबट पक्षी निघाला! वडाच्या वाळक्या फांदीत पोखरलेल्या ढोलीतून त्याचे लाल कपाळ नातीने प्रथम मला दाखविले.

बँकेची एक कोरी रोजनिशी पडून होती. तिच्यात तारीख, वेळ, पक्षी आणि शेरा असे रकाने आखून आम्ही नोंदी ठेवू लागलो. शेपटी सतत वरखाली हलविणारा धोबी पावसाळा सरल्यावर उत्तरेकडून येतो. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून येऊन आमच्या भागातील ज्वारीवर उतरतात. ज्वारीचे भाव पन्नास वर्षे ऐकत आलो. त्या ज्वारीवर दरवर्षी हजारो मैलांवरून पाहुणे येतात, हे कुणी सांगितले नव्हते. ज्यांनी सांगितले असते ते मारुती चितमपल्ली आमच्याच जिल्ह्याचे, सोलापूरचे. त्यांची पुस्तके मी निवृत्तीनंतर हाती धरली. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

गेल्या वर्षी चैत्रात खरी कसोटी लागली ती दुकानात. चिमणीच्या जोडीने मुख्य शटरच्या गुंडाळीवरील पोकळीत घरटे बांधले. दोन दिवस दुकान बंद होते, तेवढ्यात हा उद्योग झाला. तिसऱ्या दिवशी कुलूप काढताना हमालाला चिवचिवाट ऐकू आला. शटर वर घेतले असते तर घरटे चिरडले गेले असते. चिरंजीवांनी मला फोन केला. मी म्हटले, “दुकान तुमचे, धंदा तुमचा, निर्णय तुम्हीच घ्या.” त्यांनी शटर तसेच ठेवले आणि मागच्या बोळातील दाराने व्यवहार सुरू केला. बोळात टेम्पो येत नाही. प्रत्येक पोते साठ-सत्तर पावले जास्त वाहावे लागले. हमालांनी जादा हमाली मागितली, आणि ती वाजवी होती, चिरंजीवांनी दिली. रस्त्यावरून शटर बंद दिसल्याने काही किरकोळ गिऱ्हाईक शेजारी गेले. अंडी उबविण्यास सुमारे बारा दिवस आणि पिल्ले उडण्यास आणखी पंधरा, असा हिशेब मी पुस्तकात पाहून सांगितला होता. प्रत्यक्षात एकोणतीस दिवस लागले. पहिल्या आठवड्यात कुरकुरणारे हमाल शेवटच्या आठवड्यात आळीपाळीने मांजर हाकलीत बसलेले मी स्वतः पाहिले. महिनाअखेरीस किती तोटा झाला, हे चिरंजीवांनी मला सांगितले नाही; मीही वह्या मागितल्या नाहीत.

त्या महिन्यात एक गोष्ट मात्र माझ्या समजुतीला धक्का देऊन गेली. भुसार दुकानाच्या दारात पसाभर ज्वारी रोज असूनही नर-मादी चोचीत अळ्याच घेऊन येत. चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस दाणा पचत नाही. त्यांची वाढ किड्या-अळ्यांवर होते. आपण दाणे टाकले म्हणजे चिमणी आपल्या पंक्तीला बसली, असे समजण्यात अर्थ नाही. तिला दाण्यापेक्षा झुडपांची, औषध न फवारलेल्या बागेची आणि भिंतीतल्या एखाद्या भोकाची गरज अधिक आहे. काँक्रीटच्या नव्या घरांत भोक नाही, बंद पिशवीतल्या धान्यात सांडलवंड नाही आणि परसबाग तर गाडी ठेवण्यासाठी फरसबंद झालेली आहे.

कबुतरांच्या दाण्यावरून मोठ्या शहरांत जो वाद चालू आहे, त्यात मी इथे शिरत नाही. एवढेच नोंदवितो, की पोतेभर ज्वारी एकाच जागी ओतली की तिथे कबुतरांचीच गर्दी होते. बुलबुल, शिंपी, दयाळ यांना तिचा काही उपयोग नाही. त्यांना पसरट मातीच्या भांड्यातील दोन बोटे पाणी पुरते. ते पाणी रोज बदलावे. साठलेल्या पाण्यात डासांची उत्पत्ती होते आणि मग ते ओतून देताना पुन्हा जीवहिंसेचा प्रश्न येतो.

आणखी एका प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. पर्वाच्या दिवशी बाजारातून मुनिया किंवा पोपट विकत घेऊन सोडण्याला आपण जीवदया म्हणतो. आपण सर्व व्यापारी माणसे आहोत. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. आपण दहा सोडतो म्हणून पारधी पुढच्या पर्वासाठी वीस पकडतो, आणि जाळ्यात व टोपलीत जी मरतात ती कोणाच्याच खात्यावर चढत नाहीत. शिवाय आपला देशी पोपट, मैना, मुनिया यांना पकडणे, विकणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ज्यांच्या घरी असा पोपट आजही आहे, त्यांनी वडिलांसारखे एकदम दार न उघडता वन विभागाशी बोलावे.

बँकेच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीस गेलो असता लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले होते. तेव्हा त्यात फार लक्ष घातले नाही, याची आता रुखरुख वाटते. आणि राजस्थानात फलोदीजवळचे खीचन! आपल्यातील काही कुटुंबांचे मूळ गाव त्या बाजूचे आहे. तिथे हिवाळ्यात हजारो कुरजां पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि ग्रामस्थांनी घातलेले धान्य टिपून थंडी सरता परत जातात. 2025 मध्ये खीचनचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. आक्कांना ही बातमी वाचून दाखविली, तेव्हा त्या म्हणाल्या, “बघ, दाणा आहे आणि पिंजरा नाही.”

गेल्या पौषात नीलम गेला. आदल्या दिवसापर्यंत तो खात होता. आजार लपविणे हा या पाखरांचा स्वभावच आहे. हिरू दोन दिवस फांदीवरून हलली नाही. बजरीगर थव्यात राहणारा पक्षी, त्याला एकटे ठेवणे हीही एक शिक्षाच. आणि दुकानातून जोडीदार आणावा तर माझा नियम मोडतो. नातीने मला प्रश्न केला, “आजोबा, नियम हिरूसाठी आहे का तुमच्यासाठी?” मला उत्तर सुचले नाही. दीड महिना चौकशी केल्यावर बदली होऊन परगावी निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांचा एकटा नर मिळाला. पैसे देण्या-घेण्याचा प्रश्न आला नाही. तो पिवळा आहे, आणि “हॅलो, कोण बोलतंय?” एवढेच म्हणतो.

पहिल्या वर्षी काढून घेतलेले मडके आम्ही गॅलरीबाहेर पागोळीखाली उलटे टांगले होते. या चैत्रात त्यात चिमण्यांनी काड्या नेल्या. जाळीच्या आतून हिरू ते पाहत बसे. नात आता अकरा वर्षांची आहे, रोजनिशी तीच लिहिते. ही दोन्ही पाखरे गेली की जाळी काढून टाकायची, असे मी म्हणतो. ती म्हणते, तेव्हाचे तेव्हा पाहू. काल सकाळी धोबी आला; गेल्या वर्षापेक्षा चार दिवस आधी.