माशांची वहिवाट

मृगाचा पहिला जोरकस पाऊस कोसळून ओढ्यांना तांबडे, गढूळ पाणी आले, की रायगड-ठाण्याकडची माणसे रात्री कंदील, इरली आणि पाग घेऊन शेतांच्या बांधांवर जाऊन बसतात. कारण त्या पाण्याच्या उलट दिशेने, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाटात आणि पाटातून भाताच्या खाचरात, प्रसंगी वीतभर पाण्यात पोट घाशीत, गाभोळीने भरलेले मासे वर येत असतात. त्या मुलखात याला वलगण म्हणतात. अन्यत्र ‘चढणीचे मासे’ हा शब्द रूढ आहे. जिन्याला, घाटाला आणि डोंगराला आपण जो शब्द लावतो तोच माशाच्या या प्रवासाला लावून आपल्या भाषेने एक मोठे निरीक्षण सहज नोंदवून ठेवले आहे, असे मला नेहमी वाटत आले. मात्र हा मासा किती कोसांवरून आला, कोणत्या तळाच्या वाळूत तो अंडी सोडणार, त्याची पिले खाली केव्हा उतरणार आणि वाटेत कोणी बांध घातला तर त्याचे काय होणार, हे प्रश्न भाषेच्या कक्षेबाहेरचे आहेत. ते विचारण्यात आणि त्यांच्या उत्तरांसाठी वर्षानुवर्षे नदीकाठी बसण्यात ज्यांचा जन्म जातो, त्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या कामाचा हा परिचय आहे.

आपल्या देशात ही विद्या मुख्यत्वे गंगेच्या काठी आणि मुख्यत्वे एका माशामुळे वाढली. बंगालीत त्याला इलिश म्हणतात, आंध्रात गोदावरीत चढून आलेल्याला पुलसा, सिंधीत पल्लो. इंग्रजी कागदपत्रांतून आपल्याकडे आलेले त्याचे नाव हिलसा. फ्रान्सिस हॅमिल्टन या वैद्यकी करणाऱ्या निसर्गसंशोधकाने १८२२ साली गंगेतील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ज्यात २६९ जातींचे वर्णन आहे, त्यात या माशाला शास्त्रीय नाव मिळाले, आणि त्या लॅटिन नावातही ‘इलिशा’ हा बंगाली शब्द तसाच राहिला. हा मासा समुद्रात वाढतो, खाऱ्या पाण्यात अंगावर चरबी चढवतो आणि पावसाचा लोंढा मुखाशी आला की त्या गोड्या पाण्याच्या दिशेने निघतो. आषाढापासून आश्विनापर्यंत मोठी चढण असते, थंडी सरता सरता दुसरी लहान. भरदार मादीच्या पोटात दहा लाखांहून अधिक अंडी असू शकतात. अंडी नदीत सोडून मादी परत फिरते, आणि पिले काही महिने गोड्या पाण्यात राहून मग आपापली समुद्राकडे उतरतात.

हे ज्ञान आज दोन वाक्यांत सांगता येते, परंतु ते मिळवायला एका शतकाहून अधिक काळ लागला. भारतीय मत्स्यशास्त्राचे धुरीण सुंदरलाल होरा यांनी १९३० नंतरच्या दशकात हिलशाची पिले कोठे वाढतात याचा शोध चालवला, तेव्हा त्यांना मोठा आधार मिळाला तो कोलकात्याला पाणी पुरवणाऱ्या पलता येथील जलकेंद्राच्या निवळण-हौदांत. हुगळीचे पाणी गाळ बसण्यासाठी त्या हौदांत घेतले जाई, आणि त्याबरोबर आत आलेली हिलशाची चिमुकली पिले तेथे वाढताना दिसत. शहराच्या नळांसाठी बांधलेल्या हौदाने नदीच्या पोटातील गोष्ट उघडी केली. पुढे १९४७ साली स्वतंत्रपणे उभी राहिलेली आणि बराकपूरला स्थिरावलेली अंतर्देशीय मत्स्यसंशोधनाची केंद्रीय संस्था या कामाचे मुख्य दप्तर बनली.

दप्तर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका पहाटे डायमंड हार्बरच्या मासळीबाजारात मी या व्यवसायातील एका तरुण संशोधकाच्या शेजारी दोन तास उकिडवा बसलो होतो. होड्या लागल्या होत्या, बर्फ फोडण्याचा आवाज चालू होता, आडतदारांचे लिलाव चढत होते, आणि हा गृहस्थ त्या सर्व गदारोळात एका लाकडी फळ्यावर एकामागून एक मासा आडवा ठेवून, मुस्काटापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरात वाचून, पेन्सिलीने वहीत उतरवीत होता. शाई ओल्या हाताने फुटते, पेन्सिल राहते, म्हणून पेन्सिल. मग वजन. मग पाठीच्या पराखालची चार खवली चिमट्याने उचलून कागदाच्या लहान पाकिटात. त्यानंतर मासा ज्याने धरला त्याला प्रश्न: दादा, जाळे कोणत्या भरतीला टाकले, किती घटका पाण्यात होते, पाण्याला चव कशी होती? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चकित झालो. परंतु त्या वृद्ध मच्छीमाराने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, आणि ते उत्तरही वहीत गेले.

माशाचे पोट फाडून पाहण्याची मुभा मात्र त्याला सहसा मिळत नाही, कारण गाभोळीसकट अख्खा मासा विकला जातो आणि फाडलेल्याची किंमत उतरते. त्याने त्या सकाळी ज्या दोन माद्या पदरमोड करून विकत घेतल्या, त्यांची डोकी त्याला हवी होती. डोक्याच्या आत, मेंदूच्या मागच्या बाजूस, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा खडा असतो. शास्त्रात त्याला कर्णाश्म म्हणतात. माशाला तोल सांभाळण्यासाठी निसर्गाने दिलेला हा खडा जन्मापासून थरावर थर चढून वाढत जातो, लहान पिलात तर दिवसाला एक थर. आणि ज्या पाण्यात मासा त्या वेळी राहतो त्या पाण्याचे क्षार त्या थरात अडकून राहतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम अधिक असते, नदीच्या पाण्यात सामान्यतः कमी. म्हणून हा खडा घासून आरशासारखा गुळगुळीत केला आणि मध्यापासून कडेपर्यंत त्याची रासायनिक तपासणी केली, की मासा गोड्या पाण्यात जन्मला, अमुक वयात खाऱ्यात उतरला, अमुक वयात पुन्हा परतला, असा त्याचा सारा वृत्तांत रोजकीर्दीसारखा वाचता येतो. मी तो खडा तळहातावर घेतला होता. त्याचे वजन म्हणून जाणवत नाही.

जिवंत मासा खूण करून सोडावा आणि तो पुन्हा कोठे सापडतो ते पाहावे, हा दुसरा मार्ग. पाठीच्या पराजवळ क्रमांकाचा बारीक बिल्ला टोचायचा, आणि तो आणून देणाऱ्या मच्छीमाराला इनाम द्यायचे, हा जगभरचा रिवाज. परंतु हिलसा या बाबतीत अत्यंत हळवा आहे. जाळ्याचा स्पर्श होताच त्याची खवली झडतात, पाण्याबाहेर तो फार थोडा वेळ तग धरतो, आणि टोचलेल्यांपैकी पुष्कळ मासे सोडल्यावर जगतच नाहीत. म्हणून या माशाच्या अभ्यासकाला हात थंड पाण्यात बुडवून, मासा पाण्यातच धरून, काही सेकंदांत काम उरकण्याची कला अंगी बाणवावी लागते. ती पुस्तकात शिकता येत नाही; मच्छीमारांच्या शेजारी होडीत बसून शिकावी लागते, आणि माझ्या मते या शास्त्राचे निम्मे ज्ञान आजही त्या होडीतच आहे.

या साऱ्या मोजमापाचे मोल कळले ते फराक्का येथे. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा, यासाठी गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीत वळवणारा सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा तेथे १९७५ साली सुरू झाला. त्यापूर्वी हिलसा गंगेने कानपूरपर्यंत आणि यमुनेने आग्रा-दिल्लीपर्यंत चढत असे. समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर. बंधाऱ्यानंतर बक्सर, अलाहाबाद येथील आवक इतकी घसरली, की तेथील कोळ्यांच्या एका पिढीचा या माशाशी संबंधच तुटला. हे आपण आज निश्चयाने म्हणू शकतो, त्याचे कारण एवढेच, की बंधारा होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या घाटांवर कोणीतरी रोज पहाटे तराजू घेऊन बसत होते आणि उतरलेल्या मासळीच्या नोंदी ठेवीत होते. त्या नोंदी नसत्या, तर ‘पूर्वी मासे फार असत’ ही म्हाताऱ्यांची तक्रार म्हणून ती गोष्ट कानाआड केली गेली असती.

माणसाच्या वाटेचे तसे नाही: आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने दुसऱ्याच्या शेतातून २० वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने चाललेल्या वाटेला संरक्षण दिले. गावोगावच्या कचेऱ्यांत वहिवाटीचे दावे त्यावर चालले. हिलशाची गंगेतील वहिवाट माणसाच्या वसाहतीहून जुनी होती, पण तिच्या वतीने कैफियत मांडणारा कोणी बंधाऱ्याच्या फायलीत बसला नव्हता. असेच त्याआधी सिंधूवर १९३२ साली सक्करला आणि १९५५ साली कोटरीला झाले, आणि कावेरीवर १९३४ साली मेट्टूरला. सक्करच्या जिंदा पीराच्या दर्शनाला पल्लो चढून येतो, अशी सिंधची श्रद्धा. सिंधी समाजाचा देव झुलेलाल तर माशावरच आरूढ असतो. उल्हासनगरच्या सिंधी देवघरात त्याची जी तसबीर दिसते, तिच्यात त्या तुटलेल्या वाटेची आठवण आहे, हे तिच्यापुढे हात जोडणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

बांधाला शिडी ठेवली तर मासा चढेल, असे म्हणणे सोपे आहे. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरण १९३८ साली पुरे झाले तेव्हा त्याला टप्प्याटप्प्यांच्या मत्स्यशिड्या होत्या, आणि त्या वर्षापासून तेथे वर जाणारा मासा मोजला जात आहे. काचेच्या खिडकीमागे बसलेला मोजणीदार जात ओळखून एकेकाची नोंद करतो. परंतु ती शिडी सॅमन माशासाठी, जो उसळी मारतो. हिलसा उसळी मारीत नाही. तो खोल, संथ ओघातून पोहत वर जाणारा मासा आहे. फराक्काला माशांसाठी जी दारे ठेवली, त्यांचा उपयोग समाधानकारक झाला नाही. अलीकडे बराकपूरच्या संस्थेने नमामि गंगे योजनेखाली बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला प्रौढ हिलसा सोडण्याचे आणि त्यांतील काहींना बिल्ले लावण्याचे काम हाती घेतले आहे. मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, की होडीतून उचलून पलीकडे सोडलेला मासा आणि आपल्या पायवाटेने गेलेला मासा यांत फरक आहे, आणि तो फरक दारांची रचना बदलूनच मिटेल.

आपल्या नद्यांकडे वळताना मन थोडे खिन्न होते. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल साइक्सने पुण्याच्या आसपासच्या नद्यांतील मासे गोळा करून १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा ‘खुद्री’, ‘मुसुल्ला’, ‘कोलस’ अशी आपल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच त्याने लॅटिनमध्ये घातली. मुळा-मुठेचा तो खुद्री म्हणजे आपला महसीर. तो आज पाहायचा तर महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडला वरदायिनीच्या डोहावर, किंवा वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाच्या देवळापाशी जावे. देवाच्या नावाने राखलेल्या त्या पाण्यात कोणी गळ टाकीत नाही. समुद्रात जन्मून नदीत वाढणारा अहीर नावाचा मासाही आपल्या नद्यांत आहे, आणि त्याची वाट नेमकी उलटी: म्हातारपणी खाली.

यंदा मृगात ओढ्याला पाणी आले आणि आपल्या गावी वलगण लागली, तर वाचकांनी एवढे करावे: गाभोळीचा मासा धरू नये, आणि तारीख, ओढ्याचे नाव, माशाचे गावठी नाव व मासे जेथे अडतात तो बांध वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहावे. पेन्सिलीने लिहावे.