सरकारी अनुदान असतां फंड कशासाठीं?

फंडास साह्य करणाऱ्या व्यापारी व जमीनदार मंडळींकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार पुसण्यांत येतो कीं, सरकार शेतकऱ्यांच्या खात्यांत थेट रोकड भरीत असतां खासगी वर्गणीची गरज ती काय? प्रश्न रास्त आहे, व देणारास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे; म्हणून त्याचा खुलासा करितों.

केंद्र सरकारनें 2019 सालीं सुरू केलेल्या किसान सन्मान निधींतून पात्र कुटुंबास तीन हप्त्यांनीं वर्षास 6,000 रुपये मिळूं लागले. महाराष्ट्र सरकारनें 2023 सालीं तितकीच भर घालण्याचें ठरविलें. दोन्ही मिळून महिन्यास 1,000 रुपये होतात. यांस क्षुल्लक म्हणणें अन्यायाचें होईल. पेरणीच्या सुमारास हप्ता हातीं आला तर सावकाराचा उंबरा एकदां तरी चुकतो. परंतु ही रक्कम जमीन कसणारास नव्हे, तर जमीन ज्याच्या नांवावर आहे त्यास मिळते. (प्राप्तिकर भरणारे, तसेंच धंदा करणारे डॉक्टर व वकील तींतून वगळलेले आहेत, आम्हां वकिलांस तें तक्रार करण्याजोगें वाटत नाहीं.)

पीक बुडाल्यावरील मदतीचाही प्रकार तोच. 2022 सालीं ठरलेल्या दरांनुसार नुकसान निदान 33 टक्के झाल्यास जिरायतीस हेक्टरीं 8,500 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नांवें.

आतां अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी भागांतील बटईदाराची स्थिति पाहा. दुसऱ्याची दोन-तीन एकर जमीन तो तोंडी करारानें करितो. बीं त्याचें, बैल त्याचे, घाम त्याचा. बाजरी करपली म्हणजे नुकसान त्याचें होतें, आणि मदत मालकाच्या खात्यांत जाते. यांत कोणी लबाडी केली असें नव्हे. कागदच तसा आहे. मालक करार लिहून देत नाहीं, कारण 1948 च्या कूळकायद्यानें 1 एप्रिल 1957 रोजीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं, आणि ‘कूळ लागेल’ ही धास्ती अद्याप घरोघर आहे. त्या भीतीस आधार किती, हा वेगळा वाद. तिचा भुर्दंड मात्र बटईदारास पडतो. घरांत दाणा नाहीं म्हणून तो ऊसतोडीच्या मुकादमाकडून अधिक उचल घेतो, आणि नवराबायको दोघें कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेस लागतात. ती उचल एका हंगामांत फिटतेच असें नाहीं.

दुसरा वर्ग विधवांचा. नवरा वारल्यावर वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत खातें मृताच्या नांवें राहतें, व हप्ता अडतो. येथें पैशापेक्षां अर्ज लिहून देणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. हें काम आमच्यांतील वकील मंडळी विनामूल्य करीत आहेत.

म्हणून फंडांतील धान्य प्रथम सातबारा नसलेल्या घरांस द्यावयाचें, असें कमिटीनें ठरविलें आहे. जमीनदार मंडळींस विनंति इतकीच कीं, पिकाची वाटणी ज्या हिश्शानें ठरली असेल, त्याच हिश्शानें सरकारी मदतीचीही वाटणी बटईदारास द्यावी. कांहीं मालक असें आपण होऊन करीत आले आहेत.

तूर्त रोकडीपेक्षां कडब्याची निकड अधिक आहे. व्यापारी मंडळींनीं कडबा अगर बाजरी धाडल्यास ती वजनानें जमा धरून पावती देण्यांत येईल.