वहिनींचे घर, दादांचे नाव

पालघर स्टेशनवर उतरून बोईसरच्या रस्त्याला लागले, की कोळगावला सिडकोने उभारलेल्या सरकारी इमारती दिसू लागतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला आणि २०२१ साली जिल्ह्याचे मुख्यालय ह्या इमारतींत आले. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी बोईसरच्या माणसाने सकाळची गाडी पकडून ठाणे गाठायचे, आणि एक कागद कमी निघाला की पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच यात्रा करायची. तेव्हा कोळगावची पायरी चढताना मी वहिनींना म्हटले, ‘‘आपले नशीब थोर, निदान ठाण्याला जायला नको.’’ वहिनी हसल्या नाहीत. हसण्यासारखे दिवस नव्हतेच ते.

वहिनी म्हणजे माझ्या कारखान्यातल्या मित्राच्या पत्नी. आम्ही दोघे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकाच पाळीला लागलो. १९८८ साली त्याने बोईसरला दोन खोल्यांचे घर घेतले. तेव्हा तो अविवाहित होता. सोसायटीने नामनिर्देशनाचा, म्हणजे आपण सगळे म्हणतो त्या ‘नॉमिनी’चा, कागद पुढे केला आणि त्याने त्यावर थोरल्या भावाचे नाव लिहून सही ठोकली. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, खिडक्यांना जाळ्या बसल्या, स्वयंपाकघरात ओटा आला. तो कागद मात्र सोसायटीच्या कपाटात जसाच्या तसा पडून राहिला. गेल्या वर्षी मित्र गेला. तेरावे झाल्यावर वहिनी सोसायटीत गेल्या, तेव्हा सेक्रेटरींनी तो कागद काढून दाखवला. ‘‘वहिनी, नॉमिनी तुमचे दीर आहेत. आमच्या दृष्टीने घर आता त्यांचं. तुमचा अर्ज मी घेऊ शकत नाही.’’

सेक्रेटरी मनाने वाईट नाहीत. सोसायट्यांची कामे बहुधा निवृत्त माणसे बिनपगारी करतात आणि कोर्टकचेरीच्या नुसत्या कल्पनेने त्यांना घाम फुटतो. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट चुकीची होती, आणि ही चूक घरोघरी आहे.

मुळात सहकारी सोसायटीतले घर ही थोडी निराळी चीज आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, ती आपल्याकडची ह्या प्रकारातली पहिली. त्या पद्धतीत इमारत संस्थेची. सभासदाकडे संस्थेचे भाग, आणि त्या भागांना जोडलेला घराचा हक्क. म्हणूनच आजही घराच्या करारावर रीतसर मुद्रांक लागला, दस्ताची नोंदणी झाली, तरी संस्थेच्या दप्तरात नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला, भाग दाखल्याच्या पाठीमागे नाव लिहून आले, सभासदांच्या ‘आय’ नमुन्यातल्या नोंदवहीत आणि ‘जे’ नमुन्याच्या यादीत चढले, की मगच सर्वसाधारण सभेत हात वर करता येतो. (१९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असलेल्या इमारतींचा प्रकार वेगळा, तिथले नियम इथे लावू नयेत.)

घोटाळ्यात भर म्हणजे ‘निबंधक’ दोन आहेत. खरेदीखत नोंदवतो तो दुय्यम निबंधक; सोसायट्यांवर देखरेख ठेवतात ते सहकारी संस्थांचे निबंधक, म्हणजे व्यवहारात तालुक्याचे सहायक किंवा उपनिबंधक. पुष्कळ मंडळी एकाच्या खिडकीवर दुसऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन उभी राहतात. आम्हीही अर्धा तास राहिलो.

योग्य टेबलाशी पोहोचलो, तेव्हा तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : ‘‘अर्जाची पोच आहे का?’’

पोच कुठली असणार? सेक्रेटरींनी अर्जच घेतला नव्हता. ‘‘मग तुम्ही अर्ज केला, हे तरी कशावरून?’’ बाईंच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. कायद्याचे सारे घड्याळच मुळी त्या पोचेपासून चालू होते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे २२ वे कलम असे आहे, की अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवले नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा लागतो. नकारावर दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे अपील करता येते, कारण २३ व्या कलमाप्रमाणे पुरेशा कारणावाचून कोणालाही सभासदत्व नाकारता येत नाही. आणि संस्था अर्जच घेत नसेल, तर? तर तो निबंधकांकडे द्यावा. ते तो संस्थेकडे पाठवतात, आणि संस्थेने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर पुन्हा तेच : अर्जदार सभासद. ‘‘आधी रजिस्टर पोस्टाने पाठवा,’’ बाई म्हणाल्या. चाळीस वर्षे कारखान्यात मालाच्या पावत्या जपणाऱ्या मला हे सुचू नये!

आता नॉमिनीचे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे, की सोसायटीतल्या घराचा नॉमिनी हा वारसांच्या वतीने घर सांभाळणारा विश्वस्त आहे, मालक नव्हे. २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की संस्थेने नामनिर्देशनाप्रमाणे नाव लावलेच पाहिजे. तेव्हा ‘नॉमिनीच मालक’ अशी ओरड झाली. पण त्याच निकालात वारसांना आपला हक्क सिद्ध करण्याची वाट मोकळी ठेवली होती, ते फारसे कोणी वाचले नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर ह्यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच ठरवले : नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. आपल्या राज्यापुरता तर प्रश्न २०१९ सालीच मिटला आहे. त्या वर्षी सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातल्या १५४ ब-१३ कलमाप्रमाणे नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद होतो, खरे वारस दाखल होईपर्यंत. वारसांनी मृत्युपत्र, वारस दाखला किंवा आपापसांतल्या कौटुंबिक व्यवस्थेचा लेख आणला, की संस्थेने त्यांच्या नावे घर करून द्यायचे. नामनिर्देशन मुळीच नसेल, तर संस्था सूचना फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते, आणि मग पुढचे काम.

मग वारस कोण? वहिनी म्हणाल्या, ‘‘मी आणि मुलं.’’ मीही तेच समजत होतो. बाईंनी विचारले, ‘‘सासूबाई आहेत?’’ आहेत, पंच्याऐंशीच्या, गावी, दादांकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा, मुलगे आणि मुली ह्यांच्याबरोबर आईही येते, आणि तिचा वाटा समान असतो. घराचे चार वाटे. भाऊ मात्र त्या वर्गात नाही! ज्याचे नाव कागदावर त्याचा वाटा शून्य, आणि जिला कोणी विचारलेच नाही तिचा चौथा हिस्सा.

परतीच्या रिक्षात वहिनी गप्प होत्या. कायदा आपल्या बाजूचा आहे हे कळले, तरी दादांना कोणत्या तोंडाने सांगायचे, हा त्यांचा प्रश्न होता. सोसायटीकडून दादांनाही पत्र गेले होते आणि पुतण्याने फोनवर ‘‘बाबा म्हणतात, आता काय ते बसून ठरवू’’ असे काहीसे म्हटले होते. त्या ‘काय ते’ने वहिनींची झोप उडवली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दादा आले, आईंना घेऊन. मी होतो. दादांना १९८८ चा तो कागद आठवतही नव्हता. ‘‘मला कशाला घातलंन त्याने?’’ एवढेच ते दोनदा म्हणाले आणि डोळे पुसू लागले. पुतण्याने भावांच्या पैशांतून झालेल्या पहिल्या हप्त्याचा विषय काढून पाहिला. दादांनी त्याच्याकडे पाहिले मात्र, तो खिडकीकडे वळला. पण खरी अडचण निघाली ती आईंची. सगळे त्यांच्यासमोर बोलत होते, त्यांच्याशी कोणी नाही. अखेर म्हातारीने काठी आपटली. ‘‘माझा वाटा म्हणताय, तर मला विचारलंत का कुणी?’’

विचारले. त्यांना पैसा नको होता. श्रावणात महिनाभर इथे यायचे, तेव्हा गॅलरीतली मुलाची खाट आपली; ती कोणी हलवायची नाही. वहिनींनी त्यांचे पाय धरले. वकिलांनी लेख तयार केला. घराचा हक्क सोडायचा म्हणजे दस्त नोंदवावाच लागतो, म्हणून आई दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेल्या आणि अंगठा न देता मोडीवळणी सही करून आल्या. त्याचा त्यांना फार अभिमान वाटला.

पैशांचे म्हणाल, तर सेक्रेटरींनी ‘हस्तांतरणाचे पंचवीस हजार’ असा सूर लावून पाहिला होता. ती रक्कम विक्रीच्या व्यवहारातल्या अधिमूल्याची, आणि तीही महानगरपालिकेच्या हद्दीतली कमाल. लहान गावांना त्याहून कमी. वारसाच्या नावे घर होते तेव्हा अधिमूल्य लागतच नाही. हस्तांतरणाची पाचशे रुपये फी आणि प्रवेश फी भरली की झाले. देणगीच्या नावाखाली वर काही मागणे तर बेकायदेशीरच. घर विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला संस्थेचा ना हरकत दाखला लागत नाही, कर्ज देणाऱ्या बँका मागतात ती गोष्ट वेगळी. विकणाऱ्याची थकबाकी मात्र आधी चुकती हवी. ती असेपर्यंत संस्थेला अडवण्याचा हक्क आहे, आणि तो असायलाही हवा.

वहिनींच्या अर्जाला, पोचेसह, दोन महिन्यांतच मंजुरी मिळाली. भाग दाखला द्यायला सेक्रेटरी स्वतः घरी आले. चहा घेताना त्यांनी मला सहज विचारले, ‘‘तुमच्या घराचा नॉमिनी कोण हो?’’

‘‘सौभाग्यवती! दुसरं कोण?’’ मी छातीठोक सांगितले. रात्री ट्रंक उघडून १९९० चा कागद शोधला. त्यावर माझ्या वडिलांचे नाव होते. त्यांना जाऊन एकवीस वर्षे झाली. सौभाग्यवतींनी तो कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या चष्म्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभा होतो.